तारणाची तारीख सांगता आलीच पाहिजे का?

तुमच्या पत्रातील अडचण थोडक्यात अशी आहे. उज्जीवन सभेत बाहेरगावच्या प्रचारकांनी 'ज्यांना आपल्या तारणाची तारीख ठाऊक आहे त्यांनी हात वर करावा' असे म्हटले आणि तुमचा हात वर गेला नाही. तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण (जाणत्या वयात विश्वासाची जाहीर कबुली), दर रविवारची उपासना हे सगळे असूनही आपले तारण, म्हणजे ख्रिस्ताद्वारे पापातून सुटका, झाले आहे की नाही, ही शंका तेव्हापासून तुमच्या मनात घर करून बसली आहे. तिच्या जोडीला तुम्ही आणखी दोन प्रश्न विचारले आहेत. तारण कर्मांनी मिळत नसेल, तर बी-बियाण्यांच्या दुकानात उधारीच्या वहीत आजवर जे जादा आकडे लिहिले गेले त्यांनी ते जाते का, हा एक. आणि बाप्तिस्मा न घेता वारलेल्या, जन्मभर पंढरीची वारी केलेल्या आजीचे काय, हा दुसरा. मी प्रॉटेस्टंट मंडळीत बरीच वर्षे पाळकपण केले आहे, तेव्हा उत्तर त्या बाजूने येईल. कॅथलिक शिकवण जिथे निराळी आहे तिथे तसे सांगेन.

तारीख सांगता येणे ही तारणाची अट नाही. पवित्र शास्त्रात अशी अट कुठेही घातलेली नाही आणि सार्वत्रिक ख्रिस्तमंडळीच्या कोणत्याही जुन्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत, ती आढळत नाही. प्रेषितांचा विश्वासांगीकार आपण उभे राहून म्हणतो, त्यात येशूखेरीज दोनच माणसांची नावे येतात, मरीयेचे आणि पंतय पिलाताचे. पिलाताचे नाव तिथे येते ते काळाची खूण म्हणून, कारण ज्या घटनेवर आपण विसंबतो ती एका ठरावीक सुभेदाराच्या कारकिर्दीत यरुशलेमेच्या वेशीबाहेर घडली. तारणाला तारीख आहे, पण ती वधस्तंभाची आणि पुनरुत्थानाची आहे. आपल्यापैकी कोणाच्या मनात ती गोष्ट कोणत्या दिवशी उतरली, ही मागाहूनची बाब झाली.

मग तारीख विचारण्याची ही सवय आली कुठून? तिच्यामागे एक सन्माननीय परंपरा आहे. जॉन वेस्ली हे १७२८ साली दीक्षित झालेले अँग्लिकन धर्मगुरू होते आणि अमेरिकेत जॉर्जियामध्ये सेवाही करून आले होते; तरी २४ मे १७३८ रोजी संध्याकाळी लंडनमधील एका छोट्या बैठकीत रोमकरांस पत्राला जर्मन धर्मसुधारक लूथर यांनी लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असताना, ख्रिस्ताने 'माझी' पापे दूर केली अशी खात्री त्यांना प्रथमच वाटली. त्यांनी ती वेळ दैनंदिनीत टिपून ठेवली आणि पुढे मेथडिस्ट व इतर उज्जीवनवादी प्रवाहांत अशा साक्षींना मोठे स्थान मिळाले. आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. मात्र पुढे १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या स्पष्ट सांगतात की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता. तो काही वर्षांनी, त्यांनी विधवांसाठी काढलेले शारदा सदन सुरू झाल्यानंतरच्या काळात सापडला. अशा अनुभवांविषयी मला पूर्ण आदर आहे. आक्षेप आहे तो एका प्रकारच्या अनुभवाचा सर्वांसाठी नियम करण्याला.

नव्या करारातच पाहा. पौलाला दिमिष्काच्या वाटेवर ख्रिस्ताने गाठले ती दुपार सांगता येत होती. त्याचाच लाडका सहकारी तीमथ्य याच्याविषयी तो लिहितो, तेव्हा आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी आधी असलेल्या विश्वासाची आठवण करतो आणि 'बालपणापासून' शास्त्राची ओळख असल्याचे सांगतो. तीमथ्याने तारीख सांगितली नाही आणि पौलाने ती मागितली नाही. पेत्राचे तारण कोणत्या दिवशी झाले म्हणावे? त्याने जाळी टाकली त्या दिवशी, 'तू ख्रिस्त आहेस' असे म्हटले त्या दिवशी, की तीनदा नाकारल्यानंतर तिबिर्य समुद्राच्या काठी पुन्हा येशूशी बोलणे झाले त्या सकाळी? नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, ही नोंद आहे. लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी झाला, आणि मधल्या काळात सोवळे, पाणी, कोणाच्या हातचे खावे अशा घरगुती प्रश्नांतून त्यांचे मन कसे कणाकणाने पालटत गेले हे त्यांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्यांचा मार्ग नवऱ्याच्या मार्गापेक्षा कमी खरा होता, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

तारीख विचारली जाते याचे आणखी एक कारण आहे, आणि ते आम्हा उपदेशकांच्या पदरात घालावे लागेल. वधस्तंभावर काय झाले हे सांगताना नवा करार अनेक चित्रे वापरतो. न्यायालयाचे चित्र आहे, त्यात अपराधी नीतिमान ठरवला जातो. गुलामांच्या बाजाराचे आहे, त्यात खंडणी भरून माणूस सोडवला जातो. मंदिरातील प्रायश्चित्ताचे आहे, वैऱ्यांमधील समेटाचे आहे, दत्तक घेतलेल्या मुलाचे आहे, आणि मरण व सैतान यांच्यावरील विजयाचेही आहे. जुन्या सार्वत्रिक धर्मसभांनी ख्रिस्त कोण आहे हे काटेकोर शब्दांत ठरवले, पण या चित्रांपैकी अमुकच एक खरे असे कधी ठरवले नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अँसेल्म यांनी देवाच्या मानाची भरपाई या अंगाने विचार मांडला, अबेलार्ड यांनी ख्रिस्ताच्या प्रीतीने पालटणाऱ्या अंतःकरणावर भर दिला, धर्मसुधारकांनी शिक्षा आपल्या जागी सोसण्यावर दिला. आमच्या सभांमधून मात्र बहुतेक वेळा एकटे न्यायालयच ऐकू येते. न्यायालयाच्या निकालाला तारीख असतेच, त्यामुळे ऐकणाराही तारीख शोधू लागतो. दत्तक मुलाला कागद कधी झाला हे ठाऊक नसले, तरी त्या घरात तो कोणाला बाबा म्हणतो हे ठाऊक असते. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल 'अब्बा, बापा' या हाकेला जे महत्त्व देतो त्याचा रोख हाच आहे.

पौल स्वतः तारणाविषयी तिन्ही काळांत बोलतो, हेही लक्षात घ्यावे. इफिसकरांना तो लिहितो की कृपेने विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे. करिंथकरांना लिहिताना 'ज्यांचे तारण होत आहे' असे आपल्या सर्वांचे वर्णन करतो. आणि रोमकरांना सांगतो की आपण विश्वास ठेवला तेव्हापेक्षा आता तारण अधिक जवळ आले आहे, म्हणजे ते पुरते व्हायचे आहे. पापाच्या दोषातून सुटका झाली आहे, पापाच्या सत्तेतून सुटका रोज होत आहे, आणि पाप व मरण यांच्या अस्तित्वातूनच सुटका शरीराच्या पुनरुत्थानाच्या वेळी, साऱ्या सृष्टीच्या नवीकरणाबरोबर होईल. शेजारचे हिंदू मित्र पुष्कळदा विचारतात की तुमचे तारण आणि आमचा मोक्ष एकच का. दोन्हींत बंधनातून सुटणे आहे, परंतु ख्रिस्ती आशा देहातून आणि जगातून सुटण्याची नाही. देह आणि जग दोन्ही बरे होण्याची आहे. रोजच्या जगण्याशी तारणाचा संबंध येतो तो यामुळेच.

आता तुमच्या दुकानाकडे वळतो, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठवे आणि नववे वचन आपल्या मुलांना संडे स्कूलमध्ये तोंडपाठ असते: तारण देवाचे दान आहे, कर्मांनी झालेले नाही, म्हणून कोणी आढ्यता बाळगू नये. दहावे वचन मात्र फारसे कोणी पाठ करत नाही. त्यात असे आहे की आपण देवाची हस्तकृती आहोत आणि जी सत्कर्मे करत आपण चालावे म्हणून त्याने आधीच सिद्ध केली, ती करण्यासाठी ख्रिस्त येशूमध्ये निर्माण केलेले आहोत. सत्कर्मे तारणाचे मोल नव्हेत. तारलेल्या माणसाला ती नेमून दिलेली आहेत. याकोब कर्मांवाचून असलेल्या विश्वासाला निर्जीव म्हणतो तेही याच अर्थाने. या मुद्द्यावरून सोळाव्या शतकात पश्चिमेकडील मंडळी दुभंगली: १५१७ साली लूथर यांनी सुरुवात केली आणि १५४७ साली ट्रेंटच्या धर्मसभेने कॅथलिक बाजू ठरावात मांडली. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक ख्रिस्तसभा यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि देव आपल्याला आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने स्वीकारतो व तोच आपल्याला सत्कर्मांसाठी समर्थ करतो, असे एकत्र कबूल केले. मेथडिस्टांनी २००६ साली त्याला दुजोरा दिला. काही मतभेद उरले आहेत, पण 'आम्ही कृपावाले, ते कर्मवाले' ही आपल्या गावांतून अजून ऐकू येणारी भाषा आता अज्ञानाची समजली पाहिजे.

लूकच्या शुभवर्तमानातील एकोणिसावा अध्याय तुम्ही दुकान बंद केल्यावर शांतपणे वाचा. जक्कय हा यरीहोतील मुख्य जकातदार होता, म्हणजे वहीत जादा आकडे लिहूनच श्रीमंत झालेला माणूस. घटनांचा क्रम नीट पाहिला पाहिजे. येशू झाडाखाली थांबून 'आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे' असे म्हणतो, त्या वेळी जक्कयने एक पैसाही परत केलेला नसतो, पश्चात्तापाचा एक शब्दही काढलेला नसतो. कृपा आधी घरात शिरली. जक्कय उभा राहून बोलतो ते त्यानंतर, आणि तो पैशांतच बोलतो: अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट. नियमशास्त्राने त्याच्याकडून एवढे मागितलेच नव्हते. गणना आणि लेवीय या पुस्तकांप्रमाणे जो आपण होऊन अपराध कबूल करतो, त्याने मूळ रक्कम व तिच्यावर पाचवा हिस्सा एवढेच भरायचे असते. चौपटीची भरपाई निर्गम पुस्तकात चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले तर सांगितली आहे. जक्कयने स्वतःला पकडलेल्या चोराचा दर लावून घेतला. येशू म्हणतो, 'आज या घराला तारण प्राप्त झाले आहे'. तो एकट्या जक्कयचे नाव घेत नाही, घराला म्हणतो. त्या घरातील चाकर, मुले आणि वेशीवर ज्यांची लुबाडणूक झाली होती ते सगळेच त्या दिवशी थोडेथोडे तारले गेले.

आमच्या नगर भागातील एका मंडळीत एक वयस्क शेतकरी होते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात त्यांच्या मनाने घेतले की धाकट्या भावाच्या बाजूचा बांध आपण वर्षानुवर्षे कोरत आलो आहोत. त्यांनी मला बोलावले, तेव्हा प्रार्थनेसाठी बोलावले असावे असे मला वाटले होते. प्रत्यक्षात त्यांना दोरीचे दुसरे टोक धरायला माणूस हवा होता. झुडपांत दबलेला हद्दीचा जुना दगड त्यांनी कुदळीने मोकळा केला, दोरी ताणली आणि आपल्याच उभ्या गव्हातून नांगराच्या दोन ओळी भावाच्या बाजूला सोडल्या. भाऊ चर्चला येणे केव्हाच सोडून बसला होता. तो विहिरीपाशी उभा राहून पाहत होता आणि शेवटपर्यंत एक शब्दही बोलला नाही. भाऊ त्यानंतर लगेच उपासनेला येऊ लागला असे काही घडले नाही, आणि त्या गृहस्थांनीही कोणत्या सभेत उठून याची साक्ष दिली नाही. मी पुष्कळ साक्षी ऐकल्या आहेत, त्यांतल्या काही फार सुंदर होत्या. पण तारण म्हणजे काय असे दृढीकरणाच्या वर्गात कोणी विचारले की मला ती दोरी आठवते.

तेव्हा, वहीतील खोट्या आकड्यांनी तारण जाते का? या प्रश्नावर मंडळ्यांत प्रामाणिक मतभेद आहेत. धर्मसुधारक कॅल्व्हिन यांच्या परंपरेतील लोक योहानाच्या दहाव्या अध्यायाचा आधार घेऊन म्हणतात की ख्रिस्ताच्या हातून त्याची मेंढरे कोणी हिसकावून घेणार नाही. वेस्ली यांच्या परंपरेतील लोक इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायाकडे बोट दाखवून सांगतात की माणूस स्वतः होऊन दूर जाऊ शकतो. कॅथलिक शिकवण प्राणघातक पाप आणि क्षम्य पाप यांत भेद करते आणि प्राणघातक पापानंतर पापनिवेदनाच्या संस्काराकडे यायला सांगते. माझे मत विचाराल तर, अडखळून पडणे आणि बापाचे घर सोडून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण खोट्या आकड्याची एकदा सवय झाली, टोचणी बंद झाली आणि वर 'कर्मांनी काय होते' असे शास्त्रवचन ढाल म्हणून पुढे करता येऊ लागले, की पडणे संपून जाणे सुरू झालेले असते. तुम्ही पत्रात हे लिहिलेत याचा अर्थ टोचणी जिवंत आहे. पौल 'भीत व कापत आपले तारण साधून घ्या' असे फिलिप्पैकरांना सांगतो आणि त्याच दमात पुढे म्हणतो की इच्छा करणे आणि कृती करणे ही दोन्ही तुमच्यामध्ये साधून देणारा देव आहे. ती टोचणी त्याचेच काम समजा.

जाता जाता एक इशारा द्यावासा वाटतो. त्याच सभेत तारण झालेल्या माणसाचे कर्ज फिटते, आजार जातो, धंदा वाढतो असेही सांगण्यात आले, असे तुम्ही लिहिले आहे. खोटे आकडे दुरुस्त केल्यावर तुमचा धंदा वाढेल असे मी म्हणणार नाही, कदाचित काही काळ घटेल. पौलाने 'देहातील काटा' म्हटलेली व्यथा तीनदा विनवूनही गेली नाही. रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावला मुक्ती मिशनचे काम उभे केले आणि तिथे विणकाम, छपाई, शेती शिकवून त्यांना पायांवर उभे केले. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली त्यांच्या डोळ्यांदेखत गेली आणि पुढच्या वर्षी त्या स्वतः गेल्या. ज्यांचे तारण खरे की खोटे याची शंका कोणी घेणार नाही, अशा माणसांचे आयुष्य हे असे होते.

आजीविषयी मी थोडेच लिहीन, कारण तिथे आपल्या हातात निवाडा नाही. येशूखेरीज दुसऱ्या कोणत्याही नावात तारण नाही, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायातील वचन मी मनापासून मानतो आणि ते पातळ करून सांगणार नाही. पण ते वचन तारण कोणाच्या द्वारे होते हे सांगते. कोणाकोणाचे होणार नाही याची यादी आपल्या हाती देत नाही. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६४ साली म्हटले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, परंतु जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे चालतात, त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकते. प्रॉटेस्टंटांत याला संमती देणारे आहेत, तसे विरोध करणारेही पुष्कळ आहेत. मी अब्राहामाच्या प्रश्नापाशी थांबतो: सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? आणि वारीची लाज वाटू देऊ नका. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे टिळक सांगत असत, आणि त्यांची गीते आजही आपण दर रविवारी उपासनेत गातो.

येत्या प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर व द्राक्षारसाच्या विधीला, जावे की दूर राहावे, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. जावे. ते मेज निर्दोष माणसांसाठी मांडलेले नसते. फक्त डोंगरावरील प्रवचनातील ते वचन आधी पाळा: अर्पण वेदीपाशी ठेवून प्रथम भावाशी समेट करायला जायचे. उधारीची वही काढा, कोणाच्या खात्यावर किती जादा लिहिले गेले ते स्वतःच्या हाताने मांडा आणि पुढच्या हंगामाच्या आत ज्याचे त्याला परत द्या. मूळ रकमेवर पाचवा हिस्सा घालण्याचा जुना नियम आजही वापरण्याजोगा आहे. आपल्या पाळकांना एकांतात भेटून हे सांगा, कारण प्रॉटेस्टंट मंडळीतही पापाची कबुली ऐकणे हे पाळकाचे काम आहे आणि हल्ली आपण ते विसरलो आहोत. खातेदार वारला असेल तर त्याच्या वारसांना द्या. ज्यांचा पत्ताच लागत नाही अशांची रक्कम, गणनाच्या पाचव्या अध्यायातील तरतुदीप्रमाणे, परमेश्वराला देणे समजून मंडळीच्या गरीब निधीत भरा, आणि रविवारच्या उपासनेतील सूचनांत तुमचे नाव वाचले जाणार नाही एवढे खजिनदारांना सांगून ठेवा.